येते म्हणाली होती

धाकटी माहेरी आली की आधी खिडक्या उघडायची आणि मग एकेकाला नावं ठेवायला घ्यायची. त्या रविवारी तिनं खिडक्यांना हातसुद्धा लावला नाही. पर्स मांडीवर धरून ती टेबलाशी बसली, आणि थोरलीनं ओळखलं की ही आज बोलायला आलेली नाही, ठरवायला आली आहे.

खाली लाँड्री बंद होती. बॉयलर थंड पडला की भिंतीतले पाइप आखडायचे आणि टकटक वाजायचे. सहा दिवस या घरात साबणाचा आणि गरम कापडाचा वास असायचा. रविवारी माणसांचा वास यायचा. टेबलाच्या टोकाला अण्णा बसले होते. त्यांनीच एकेकाळी एका इस्त्रीवर हे दुकान उभं केलं होतं. भाऊ, त्यांचा मुलगा, खिडकीशी उभा होता. ठमी त्याची मुलगी, पण आज तिच्याविषयी चाललेलं बोलणं तो शेजाऱ्याच्या भांडणासारखं ऐकत होता. कान इकडे, पाठही इकडे.

"उद्या सकाळी गाडी येईल," धाकटी म्हणाली. "संस्थेचीच आहे, सोबत त्यांची एक बाई असते. कपडे, औषधं आणि एखादं खेळणं द्या म्हणाले."

"एखादं म्हणजे किती?" अण्णांनी विचारलं.

"एखादं म्हणजे एक, अण्णा."

"अकरा वर्षांच्या पोरीला एक खेळणं. तुला बाहुल्यांची पेटी होती. आणि ती पेटी ठेवायला दुसरी पेटी."

"मी शिंपीणबाईंचं मनगट मोडलं नव्हतं."

समोरच्या शिंपीणबाई ठमीच्या आईच्या मैत्रीण. परवा कोट द्यायला आल्या, घटकाभर बोलल्या, निघाल्या, आणि पायरीवर पाय ठेवतात तोच ठमीनं त्यांना मागून ढकललं. बाई भली म्हणून तक्रार केली नाही. पण सगळ्या गल्लीनं पाहिलं. त्या पडल्या आणि ठमी वर उभी राहून हसत होती, हेही पाहिलं.

अशा मुलांना कायमचं ठेवून घेणाऱ्या या संस्थेचं नाव धाकटीनं काढलं हे खरं. पण तिला फोन कुणी केला होता? थोरलीनं. "माझ्याच्यानं आता होत नाही गं," एवढंच ती म्हणाली आणि नंतर बराच वेळ फोन कानाला नुसता धरून राहिली. ठमीच्या आईला जाऊन सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत पोरीला आंघोळ, जेवण, कपडे, रात्रीचं उठणं, सगळं थोरलीच्या अंगावर. तिचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे घरातलं जे कुणाचंच नसे ते तिचं असे. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चावल्याचे वण होते. काही पिवळे, काही अजून जांभळे. गिऱ्हाइकांना ती सांगायची, इस्त्री लागली.

"ताई, तू बोल ना," धाकटी म्हणाली. "नाहीतर मीच वाईट ठरते. दरवेळी मीच."

"मी काय बोलू? मी सांगितलंय एकदा."

"दादा?"

"पाठवा," भाऊ खिडकीकडे बघत म्हणाला. "तिला इथं काय आणि तिथं काय. तिला काही कळतं का?"

अण्णा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. सगळा जन्म उभ्यानं गेल्यामुळे त्यांना रागही बसून नीट येत नसे. "कळत नाही म्हणून टाकून द्यायची? कळत नव्हतं तेव्हा तुला पण मीच सांभाळलं."

"अण्णा, उगीच काहीतरी बोलू नका."

"खरं ते बोललो. अजून कुठं कळतंय."

धाकटीला हसू आलं, ते तिनं गिळलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"त्या बाई आल्या वाटतं," थोरली म्हणाली.

"कोण बाई?"

"खेळाच्या बाई."

ठमी दर मंगळवारी ज्यांच्याकडे जायची त्यांना घरात सगळे खेळाच्या बाई म्हणत. त्या हळू शिकणाऱ्या मुलांच्या मनाचे उपचार करायच्या, पण उपचार म्हणावं तर गोळी नाही की सुई नाही. एक लहान खोली, त्यात ठमीच्या एकटीच्या नावाची खेळण्यांची पेटी, आणि जमिनीवर बसलेल्या बाई. दोन वर्षांपूर्वी ठमी शाळेत भिंतीवर डोकं आपटायला लागली, तेव्हा तिच्या आईनं हट्टानं हे सुरू केलं होतं. भाऊ म्हणायचा, खेळायचंच तर घरात काय जागा कमी आहे? ती म्हणायची, घरात तिला सगळे शिकवतात, ऐकत कुणी नाही.

आता मंगळवारी पोर येणार नाही हे कळवायला थोरलीनं काल फोन केला, तर बाई म्हणाल्या, "ती जायच्या आधी मी एकदा घरी येऊ का? तुमच्याशी बोलायचंय."

बाई आत आल्या. पन्नाशीच्या, चपट्या बुटांच्या, बसा म्हटल्यावरच बसणाऱ्या.

"ठमी खाली दाराशी बसली आहे," त्या म्हणाल्या. "तिला सांगून आले की मी वर बोलायला जाते आहे, तुझ्याबद्दल."

"तिला कशाला सांगायचं?" धाकटीनं विचारलं.

"तिच्याबद्दल आहे म्हणून."

धाकटी बँकेत अधिकारी होती आणि उलट उत्तर ऐकायची तिला सवय नव्हती. पण ते उलट उत्तर नव्हतंच, बाईंनी अगदी साधं सांगितलं होतं. धाकटीनं पर्स मांडीवरून टेबलावर ठेवली.

"तुम्ही सांगायला आलात ना, पाठवू नका म्हणून?"

"नाही. तो निर्णय तुमचा. थोरल्या ताईंचे हात मी पाहिलेत. पाठवणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. ती माझ्या खोलीत काय बोलते, काय खेळते, तेही मी सांगणार नाही. ते तिचं आहे. मला तुम्हालाच काही विचारायचंय. ताई, ती तुम्हाला पहिल्यांदा चावली, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"काही नाही हो. भाजी आणायला निघाले होते."

"आणि त्यानंतर?"

थोरलीनं हाताकडे पाहिलं, जणू त्यावर लिहिलेलंच होतं. "हा पोस्टात जाताना. हा... शेजारी चालले होते. हा कधीचा आठवत नाही. बाहेर निघाले की तिला आवडत नाही. पण शाळेत सोडते तेव्हा काही करत नाही, हेही आहे. तिथं मी मुकाट्यानं निघते, शाळेतल्या बाई म्हणतात बोलू नका, रडतात मुलं."

"मुकाट्यानं," बाई म्हणाल्या. "आणि भाजीला निघताना? तेव्हा काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येते म्हणाले."

"माझे केस ओढले होते तिनं," धाकटी मध्येच म्हणाली. "मागच्या वेळी. मी गाडीत बसायला निघाले होते, सगळ्यांना येते म्हटलं आणि..." ती थांबली.

पाइप वाजत होते.

"शिंपीणबाई," थोरली हळू म्हणाली. "पायरीवरून वळून म्हणाल्या, येते गं ठमे."

"मग म्हणायचं काय माणसानं?" अण्णांचा आवाज चढला. "आपल्यात कुणी घरातून निघताना जाते म्हणत नाही. जाते म्हणणं बरं नाही दिसत. मला आईनं एकदा थोबाडीत दिली होती, जातो म्हणालो म्हणून."

"बरोबर आहे अण्णा. आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणाले." बाईंनी हात मांडीवर एकमेकांत धरले. "तीन आठवड्यांपूर्वी मी रजेवर जाणार होते. तिला आधीपासून सांगत होते, पण शेवटच्या दिवशी दारात तोंडातून निघून गेलं. येते हं. त्यानंतर जे झालं त्यावरून मला शंका आली, आणि ती मला फार आधी यायला हवी होती. सहा महिन्यांपूर्वी मी तुम्हाला विचारलं होतं, तिला आईचं सांगितलंय का, आणि तुम्ही हो म्हणालात. मी पुढं विचारलं नाही. आज विचारते. ठमीची आई घरातून निघताना काय म्हणाली होती?"

सगळ्यांना ते दृश्य दिसत होतं. साधं पित्ताशयाचं ऑपरेशन. ती आपल्या पायांनी जिना उतरली, हातात लहान पिशवी. खाली काउंटरमागं ठमी कपड्यांच्या चिठ्ठ्या रंगांप्रमाणे लावत बसली होती. ते काम तिला अचूक यायचं. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच रक्तात विष पसरलं आणि तिथूनच तिला शेवटचं नेलं. ती पुन्हा घरी आली नाही.

"येते हं ठमे," थोरली म्हणाली. "असं म्हणाली."

"आणि मग तुम्ही ठमीला काय सांगितलंत?"

"मीच सांगितलं," अण्णा म्हणाले. "जवळ घेऊन सांगितलं. आई गेली म्हटलं."

"गेली."

"हो. गेली. दुसरं काय म्हणतात?"

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, हो, गेली. रोज विचारते. आई गेली? मी म्हणतो, हो बाळा, गेली. मला वाटायचं, पोर किती शहाणी. पचवलं तिनं."

ठमी सहा महिने दाराशी बसायची. सकाळी शटर उघडलं की बसायची, ओढून आणावी लागायची. सगळे म्हणायचे, रस्ता बघायला आवडतो तिला. रस्ता बघतच होती ती. गेलेलं माणूस, येते म्हणून गेलेलं माणूस, दाराशीच बघायचं असतं. मग दुसरं कुणी तेच म्हणून दाराबाहेर पाऊल टाकलं की ती त्याला दातांनी धरून ठेवायची.

"नाही," भाऊ म्हणाला. तो आता वळला होता. "हे सगळं ऐकायला ठीक आहे. पण तिला माहीत होतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, सगळे रडताहेत, आणि ही मधोमध उभी राहून हसली. खदाखदा. आईच्या मरणावर हसली ती. मी पाहिलंय. तुम्ही नव्हता तिथं."

हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता. पण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, जसं ओल आलेली भिंत ठाऊक असते. त्या दिवसापासून तो ठमीशेजारी जेवायला बसला नव्हता. तिच्या अंगावर कधी ओरडला नाही, हात उचलला नाही. फक्त सकाळी ती उठायच्या आधी खाली, मागच्या बॉयलरच्या खोलीत जायचा आणि ती झोपल्यावर वर यायचा.

"भाऊ," बाईंनी विचारलं, "ती कधी कधी हसते?"

"कधीही हसते. सतत हसते. म्हणून तर हसरी म्हणायचे सगळे."

"डॉक्टरकडे सुई टोचताना?"

"हसते."

"शाळेत मुलं चिडवतात तेव्हा?"

थोरलीच म्हणाली, "तेव्हा तर फारच."

"लहानपणापासून लोक तिच्याकडे कसे बघतात ते तिला कळतं. शब्द कळत नाहीत तेवढे चेहरे कळतात. आपण हसलो की समोरचा चेहरा जरा मऊ होतो, हे अशी बरीच मुलं फार लवकर शिकतात. कुणी शिकवत नाही. भीती वाटली की हसायचं. त्या दिवशी घरभर रडणारे चेहरे होते आणि काय झालंय ते तिला माहीत नव्हतं. जेवढं येत होतं तेवढं तिनं केलं."

भाऊ बाईंकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही पुस्तकातलं सांगणार," आणि पुन्हा खिडकीकडे वळला. पण त्या बोलण्यात जोर नव्हता.

"ठीक आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण ती रुमाल शोधत होती. "समजा असंच आहे. मग आता काय? तिथं संस्थेत तज्ज्ञ लोक आहेत. ते सांगतील तिला व्यवस्थित."

"उद्या गाडीत बसवताना तुम्ही तिला काय म्हणणार होता?"

काय म्हणणार होते ते सगळ्यांनी मनात ठरवलेलंच होतं. थोरलीनं तर आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं, रडू न येता जमतंय का ते. *येते हं ठमे. लवकर येते भेटायला.*

"तिला आज सांगायला हवं," बाई म्हणाल्या. "घरच्या माणसानं. आणि शब्द सरळ हवा. गेली नाही, देवाघरी नाही, झोपली तर मुळीच नाही. मेली म्हणायचं."

अण्णा पुन्हा उभे राहिले. "हा शब्द या घरात त्या मुलीसाठी कुणी उच्चारणार नाही. मेली काय? मेली उंदरं म्हणतात. शिवी आहे ती."

"ठमीला तोच एक कळतो अण्णा. मासा मेला, झुरळ मेलं. मेलेलं परत हलत नाही हे तिला माहीत आहे."

"मी तिला पाठवू नका म्हणतोय, आणि तुम्ही तिच्या काळजात सुरी घाला म्हणताय. नाही. माझा विरोध आहे. तिला बसू दे दाराशी. वाट बघतेय तर बघू दे. वाट बघण्यात निदान आई तरी आहे."

घटकाभरापूर्वी ठमीच्या बाजूनं एकटे अण्णा होते. आता तेच तिला दाराशी बसवायला निघाले होते, आणि थोरलीला कळेना की सगळे कधी आणि कसे जागा बदलून बसले.

"सांगितलं तर चावायची थांबेल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. आधी वाढेलसुद्धा. ती रडेल, मोडतोड करेल, परत परत तेच विचारेल. कदाचित माझ्यामुळे का, असंही विचारेल. महिनोन्‌महिने चालेल हे. चांगलं होईल असं मी वचन देत नाही."

"मग करायचं कशाला?" धाकटी म्हणाली. "ताईनं अजून किती काढायचं? तिची कंबर बघा, तिचं वय बघा. आणि तिच्यानंतर कोण? मी? मला जमणार नाही, मी खरं सांगते. म्हणून मी संस्था शोधली. मी दुष्ट नाही."

"तुला कुणी दुष्ट म्हटलं नाही," थोरली म्हणाली.

"म्हणायची गरजच नसते या घरात."

थोरली उठली. खुर्ची नीट आत सारली. "भाऊ, तू सांगतोस का? तू बाप आहेस."

भाऊनं नाही म्हणून मान हलवली. काचेवर त्याचा श्वास जमला होता.

"बरं. मग मी सांगते."

"ताई, थांब, विचार तरी कर..."

"सहा महिने ठमीनं एकटीनं केला तेवढा पुरे."

बाई सोबत येऊ का म्हणाल्या. थोरली म्हणाली, जिन्यात थांबा, जमलं नाही तर हाक मारते.

ठमी वर सारलेल्या शटरच्या आत, काचेच्या दाराशी पाटावर बसली होती. मागं रांगेनं प्लॅस्टिकमध्ये झाकलेले कोट टांगलेले. थोरली गुडघे धरत जमिनीवर बसली. इतकी खाली ती बऱ्याच वर्षांत बसली नव्हती.

"ठमे, इकडं बघ. आत्तूला एक सांगायचंय."

ठमीनं बघितलं. आत्तूचा चेहरा पाहिला आणि लगेच हसली. दात सगळे दिसतील असं. थोरलीनं ते हसू अकरा वर्षं पाहिलं होतं आणि आज पहिल्यांदा तिला ते बघवेना.

"ठमे, आई मेली."

"आई गेली," ठमीनं दुरुस्त केलं.

"नाही. आई मेली. दवाखान्यात तिला फार आजार झाला. डॉक्टरांनी पुष्कळ केलं. पण तिचा श्वास थांबला. तिचं अंग बंद पडलं. ती मेली."

ठमी हसत होती. "मासा मेला."

"हो. मासा मेला होता ना, तसं."

"आई येते म्हणाली."

"म्हणाली. तिला यायचंच होतं. ती खोटं नाही बोलली. पण मेली, म्हणून तिला येता येत नाही."

"उद्या येते."

"उद्या नाही."

"मंगळवारी."

"मंगळवारी पण नाही बाळा. कधीच नाही."

ठमीनं काचेकडे पाहिलं. रस्त्यावरून एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हसू नसलेला तो चेहरा थोरलीला अनोळखी वाटला. लांबट, थकलेला, वयापेक्षा मोठा.

"ठमी वाईट?" तिनं विचारलं.

"नाही. ठमीमुळे नाही मेली. कुणामुळेच नाही. आजारामुळे मेली."

मग तो आवाज सुरू झाला. रडणं म्हणावं तर त्यात अश्रू नव्हते. खालून कुठूनतरी एकच लांब आवाज यायचा, श्वास संपायचा, पुन्हा यायचा. थोरलीनं तिला धरलं. ठमीनं कोट ओढले, हँगर पडले, प्लॅस्टिक फाटलं. ती थोरलीच्या खांद्याला चावली, कापडातून रक्त येईल इतकी, आणि थोरलीनं खांदा तसाच राहू दिला. वरून अण्णांचा आवाज आला, "सांगितलं होतं मी, सांगितलं होतं," आणि मग तोही थांबला. धाकटी जिन्यात येऊन म्हणाली, "ताई, समोरचे बघताहेत, शटर ओढू का?" आणि कुणी उत्तर दिलं नाही तेव्हा ती स्वतःच पायरीवर बसली आणि तिनं कानावर हात घेतले.

किती वेळ गेला कोण जाणे. काचेबाहेरचं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं. आवाज बारीक होत होत उचक्यांवर आला. ठमीचं सगळं वजन थोरलीच्या मांडीवर होतं आणि मांडीला मुंग्या आल्या होत्या. बाई दोन पायऱ्या खाली उतरून बसल्या होत्या. त्यांनी काही केलं नव्हतं, काही म्हणाल्या नव्हत्या. गेल्या मात्र नव्हत्या.

"त्या गाडीवाल्यांना फोन कर," थोरली धाकटीला म्हणाली. "उद्या नको म्हणावं."

"जागा जाईल, ताई. पुन्हा मिळेलच असं नाही."

"मला कळतंय ते."

"मग पुढं काय?"

"पुढचं मला माहीत नाही गं. उद्या नको, एवढंच मला माहीत आहे."

धाकटीनं डोळे पुसले, पर्समधून फोन काढला आणि वर गेली. तिला जिन्यात वाट द्यायला कुणीतरी भिंतीला चिकटलं. भाऊ होता. तो केव्हापासून तिथं उभा होता, थोरलीला माहीत नव्हतं. तो शेवटच्या पायरीवर आला, पडलेल्या कोटांतून वाट काढत पुढं आला आणि उभाच राहिला.

ठमीनं वर पाहिलं. सुजलेले डोळे, नाकाला धार, गालांवर केस चिकटलेले. बापाला बघताच ती थोरलीच्या मांडीवरून उठून ताठ बसली. बाहीनं तोंड पुसलं. आणि हसली. सगळे दात दाखवून, थांबत नाही असं हसली.

थोरलीनं भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोर आपल्याला बघून का हसते आहे, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं, आणि तोंड फिरवायला त्या खोलीत खिडकी नव्हती. तो खाली बसला. पडलेल्या कोटांवर, काउंटरला पाठ टेकून.

"नको हसूस," तो म्हणाला. "ठमे, नको हसूस. मी रागावलो नाही."

ती हसतच होती. तो नुसता बसून राहिला, हात गुडघ्यांवर उघडे टाकून. हसू लगेच थांबलं नाही. कमी झालं, त्यानं जरा हालचाल केली की पुन्हा वाढलं, पुन्हा कमी झालं. शेवटी तिचे ओठ मिटले. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाबा मेले?" तिनं विचारलं.

थोरली बोलायला गेली. जिन्यातून बाईंनी नको म्हणून हलकेच मान हलवली, आणि ती गप्प राहिली.

"नाही," भाऊ म्हणाला. "बाबा मेले नाहीत. बाबा आहेत."

"कुठं होते?"

थोरलीला दिसलं की तो काहीतरी सोयीचं शोधतो आहे. काम होतं, बाहेर होतो, कुठल्याही मुलाला सांगतात तसलं काहीतरी. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ठमी वाट बघत होती. वाट कशी बघायची ते तिला येत होतं.

"खालीच होतो," तो म्हणाला.